आधी गाडीवाला

बेकरीतल्या थोरलीचा हात भारी आहे, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीवाल्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ते आज ना उद्या कळायचंच. त्या दुपारी ते एका व्हॅनवाल्याला कळलं.

ब्रेक किंचाळले, पत्रा खणाणला, आणि थोरली दुकानाबाहेर आली तेव्हा तिच्या हातात भट्टीची फळी होती. पाव भट्टीत सरकवायची आणि बाहेर काढायची ती लाकडी फळी. दांडा पुरुषभर लांब, पुढचं पातं ताटाएवढं, आणि वर्षानुवर्षं भाजून भाजून लोखंडासारखं टणक झालेलं. व्हॅनवाला घाईघाईने काच वर करत होता. तिने दार उघडलं, त्याची कॉलर धरली आणि पिठाचं पोतं उतरवावं तसा त्याला खाली उतरवला. पहिली फळी कानावर बसली, दुसरी तोंडावर. त्याचा एक दात रस्त्यावर पडला. तो उचलायला बिचारा वाकला, तर शेजारच्या कुलूपवाल्याने मागून त्याच्या पेकाटात लाथ घातली. मग न्हावी आला, चपलांच्या दुकानातले दोघे आले, वरच्या मजल्यांवरून चार जण उतरले, आणि जो तो आपापल्या परीने हातभार लावू लागला.

ज्या सायकलवालीला व्हॅनने उडवलं होतं ती कामावरून घरी निघालेली एक बाई होती. ती आपली आपण उठली, कोपरावरचं रक्त ओढणीला पुसलं, निसटलेली चेन बसवली आणि लंगडत निघून गेली. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या रस्त्याची रीतच तशी होती. ब्रेक वाजले की आधी गाडीवाला.

ही रीत थोरलीनेच पाडली होती, आणि काही उगाच पाडली नव्हती. तिचा नवरा याच रस्त्यावर गेला. ज्याने उडवला तो गाडीतून उतरला, पडलेल्या माणसाकडे एकदा पाहिलं, पुन्हा गाडीत बसला आणि सावकाश निघून गेला. सगळा रस्ता तोंडात बोट घालून बघत राहिला. नवरा गेल्याचं दुःख तर होतंच, पण तो माणूस त्या दिवशी वेळेवर घरी पोचला असेल, पोटभर जेवला असेल, या विचाराने थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यानंतर तिच्या दुकानासमोर माणूस पाडून एकही गाडीवाला धडधाकट परत गेला नाही.

आणि रस्ता तरी काय रस्ता होता! या फुटपाथवरून त्या फुटपाथवरचा माणूस ओळखू यायचा नाही. मध्ये ना थांबायला जागा, ना टेकायला खांब. शहराबाहेरून सुसाट येणाऱ्या गाड्यांना हायवे कुठे संपला ते कळायचंच नाही. पलीकडे जायचं म्हणजे श्वास रोखायचा, एखाद्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत दया दिसतेय का बघायचं आणि पळत सुटायचं.

याच रस्त्यातून थोरलीचे बाबा रोज सायकलवर पावाचं क्रेट लादून पलीकडे जायचे. सत्तरी केव्हाच मागे पडली होती, कान कामातून गेले होते, पण भट्टी थोरलीच्या हाती देताना पाव पोचवायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. "बाबा, एखादा माणूस ठेवू या," असं म्हटलं की ते विचारायचे, "का? मी माणसात जमा नाही का?" पुढे बोलायची सोय नसायची.

थोरली आणि तिची धाकटी बहीण, दोघींचं जन्मात कशावर पटलं नाही. चहात साखर किती, इथपासून भांडण. पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. या रस्त्याने घरातला एक माणूस नेला, दुसरा न्यायचा नाही. बाबा राहिले पाहिजेत. कसे राहतील, यावर मात्र रोज जुंपायची, कारण धाकटी नगरपालिकेत रस्त्यांची इंजिनिअर होती.

"दात पाडलास म्हणे आज," व्हॅनवाल्याच्या दिवशी संध्याकाळी धाकटीने चप्पल काढता काढताच सुरुवात केली.

"एकच पडला."

"आणि त्या बाईला कुठे लागलं?"

"कुठल्या बाईला?"

"सायकलवरून पडलेल्या, ताई. जिच्यासाठी तू एवढं सगळं केलंस तिला."

थोरलीला काही केल्या ती बाई आठवेना. "ते जाऊ दे. तो व्हॅनवाला आता इथून गोगलगाय होऊन जाईल की नाही, ते सांग."

"तो जाईल. त्याच्या मागून येणाऱ्यांना काय तुझी फळी स्वप्नात दिसणार आहे? धावपट्टी अंथरून ठेवलीय तर माणूस विमानच चालवणार. गाडीवाले राक्षस नाहीत गं. रस्ता वाईट आहे."

"मग रस्त्याच्या कानाखाली वाजव जा!"

"वाजवतेच बघ."

बाबांना भांडण ऐकू आलं नसलं तरी तोंडं दिसत होती. "दोघी गप्प जेवा," ते म्हणाले, "नाहीतर मी दोघींच्या वाजवीन." दोघी गप्प जेवल्या.

धाकटीने खरोखरच वाजवली. वरिष्ठांच्या हातापाया पडून, मोर्चे-निवेदनं झेलून तिने परवानगी आणली. काँक्रीट नंतर, आधी तात्पुरतं करून बघायचं. एका सकाळी ट्रकमधून सिमेंटच्या भल्या मोठ्या कुंड्या आणि लाल-पांढरी पिंपं उतरली. रस्त्याच्या दोन्ही कडा कापून सायकलींना वेगळी वाट दिली. बेकरीसमोर, अगदी मधोमध, कुंड्या लावून एक बेट केलं, म्हणजे अर्धा रस्ता ओलांडून माणसाला तिथे दम खाता येईल. गाड्यांना त्या बेटाला वळसा घालूनच जावं लागायचं, आणि वळसा घालायचा तर वेग टाकावाच लागायचा.

रस्ता पेटला. दुकानदारांनी धाकटीचं नाव कुंड्याबाई पाडलं. गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे, म्हणून चपलांच्या दुकानाच्या मालकाने तिच्या अंगावर धावून जाऊन तिला ढकललं. ती कुंडीवर आपटली आणि तिची भुवई फुटली. पुढच्याच मिनिटाला तो मालक आपल्याच दुकानातल्या बुटांच्या ढिगात उताणा पडलेला होता आणि थोरलीची फळी त्याच्या छाताडावर टेकलेली होती. "माझ्या बहिणीला मी बोलेन, मी हाणेन," थोरली म्हणाली. "तू कोण लागून गेलास?" कुणी कुंड्यांवर घण घातले, कुणी पिंपं पेटवून दिली. एका ट्रकवाल्याने मुद्दाम दोन पिंपं चिरडली. थोरलीने मोडलेला अंगठा घेऊन तो दवाखान्यात गेला. धाकटी कपाळावर पट्टी लावून म्हणाली, "ताई, तू माझ्या बाजूने लढतेयस की माझी लाज काढतेयस?" थोरलीला त्यात फरक काय ते समजलं नाही.

पण मग हळूहळू, कुणी न सांगता, गाड्या दबकून चालायला लागल्या. बायका पोरांची बोटं धरून बेटावर थांबू लागल्या. बाबा पूर्वी सायकल हातात धरून पळायचे, ते आता बेटावर थांबून खिशातला रुमाल काढून घाम पुसायचे आणि मग पुढे जायचे. थोरली हे काउंटरमागून बघायची. धाकटीला तोंडावर शाबासकी देईल तर ती थोरली कसली, पण एकदा तिने गिऱ्हाइकाला ऐकवलं, "आमची कुंड्याबाई काही अगदीच ढ नाही."

फळी भट्टीपाशीच राहू लागली. तिचं खरं काम पाव काढण्याचं, तेवढंच उरलं. कुलूपवाला टपरीबाहेर उभा राहून जांभया द्यायचा. आणि खरं सांगायचं तर थोरलीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. कणीक मळताना तिचे हात जरा जास्तच जोरात आपटायचे. ब्रेक वाजले की ती दारापर्यंत यायची, कुणालाच काही झालेलं नाही असं बघायची आणि परत जायची. माणसं वाचत होती, हे चांगलंच होतं. तरी काहीतरी तिच्या घशाशी तसंच अडकून राहायचं.

त्या दिवशी बाबा दुपारचे पाव घेऊन निघाले आणि थोरली दुसरी खेप भट्टीतून काढत होती. ब्रेक वाजले. किंचाळले नाहीत, नुसते कुरकुरले. पाठोपाठ एक बारीकसा धक्का आणि कशाचा तरी खळ्ळकन आवाज. फळीवरचे पाव तिने ओट्यावर लोटले आणि फळी घेऊनच ती धावली. तिच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. किती दिवसांनी!

बेटाच्या कुंडीला नाक लावून एक छोटी गाडी उभी होती. तिचं पुढचं प्लास्टिक तडकून करवतीच्या दातांसारखं बाहेर आलं होतं. दार उघडं होतं, आणि चष्मा लावलेला एक माणूस बाहेर पडून, अंगातला कोट ओरबाडून काढत, गाडीच्या पलीकडे धावत निघाला होता.

"पळतोय!" कुलूपवाला ओरडला. "धरा!"

थोरलीने फळी आडवी घातली. ती त्याच्या नडग्यांवर बसली आणि तो तोंडावर आपटला. चष्मा फुटला. तो कसाबसा गुडघ्यांवर उठला आणि पुन्हा त्याच दिशेला सरपटायला लागला. न्हाव्याने त्याचे केस धरून त्याला मागे ओढला.

"अहो, सोडा! ते पडलेत तिकडे," तो ओरडत होता. "रक्त जातंय त्यांचं! दाबून धरू दे मला!"

"आता आला का कळवळा!" थोरली म्हणाली आणि फळी त्याच्या पाठीत घातली.

गाडीच्या पलीकडे, बेटाच्या दोन कुंड्यांच्या मध्ये, बाबा पडले होते. इकडून दिसत नव्हते. गाडी अगदी हळू आली होती. वळसा घालताना त्या माणसाची नजर क्षणभर हलली, बाबांना आवाज ऐकू आला नाही, आणि गाडीने कुंडीवर आदळता आदळता त्यांना नुसता धक्का दिला. ते कुशीवर पडले. पण त्या तडकलेल्या प्लास्टिकच्या दातांनी त्यांची मांडी आतून उभी फाडली होती, आणि तिथून रक्त असं येत होतं की जणू नळ उघडा राहिलाय. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेली एक बाई खिडकीतून हे सगळं बघत होती. तिने अँब्युलन्सला फोन केला आणि मग घसा फाटेपर्यंत ओरडली, "अरे, म्हाताऱ्याकडे बघा! म्हाताऱ्याकडे बघा रे!" पुढे तिने सांगितलं की म्हाताऱ्याने मान उचलली होती. गर्दीकडे बघून हात वर केला होता. दोनदा.

खाली तिचं ऐकतंय कोण! खाली सगळ्यांचा उपास सुटला होता. कुलूपवाल्याने त्या माणसाचा हात पिरगळून पाठीवर धरला आणि खांद्यातून कट्ट असा आवाज आला. चपलांच्या दुकानाचा मालकही कंबर धरून आला आणि कुंड्यांचा सगळा राग त्याने त्या माणसाच्या बरगड्यांवर काढला. थोरलीने फळी वर उचलली, खाली आणली, पुन्हा उचलली. घशाशी इतके दिवस अडकलेलं ते एकेका फटक्यासरशी मोकळं होत होतं. त्या माणसाचं तोंड आता तोंडासारखं दिसत नव्हतं. तरी त्याचा एक हात बेटाच्या दिशेने पुढे येत राहिला, आणि त्या हातात कोट होता. थोरलीने हातावरच फळी मारली. बोटं उघडली आणि कोट सुटला.

नीट उभं राहावं म्हणून तिने पाय सरकवला तेव्हा चपलेखाली काहीतरी मऊ आलं. तिने खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो तिच्याच हातचा पाव होता, अजून ऊन.

अँब्युलन्स आली ती गर्दीमागे अडकली. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला, आणि लोक त्याच्याकडे वळून "थांब रे जरा," म्हणत राहिले. शेवटी तिच्यातला एक कर्मचारी खाली उतरला, माणसांना कोपरांनी बाजूला सारत घुसला, मार खाणाऱ्याला ओलांडून सरळ पुढे गेला आणि कुंड्यांच्या मध्ये वाकला. मग त्याने मान वर करून विचारलं, "यांचं कोण आहे इथे?"

थोरलीने तिकडे पाहिलं. आडवी पडलेली सायकल आधी दिसली. मग क्रेट. मग पाव, रस्ताभर पाव, काही पांढरे आणि काही लाल. मग बाबांचा हात.

फळी तिच्या हातून केव्हा पडली, ते तिला कळलं नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या तेव्हा धाकटीही ऑफिसमधून धावत पोचली होती. थोरली भिंतीला टेकून उभी होती, ॲप्रनवर पीठ आणि रक्त. कुणाचं रक्त, ते सांगणं कठीण होतं.

"बाबा गेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खूप रक्त गेलं होतं. आमच्यापर्यंत येईतो उशीर झाला."

"कुठे कुठे लागलं होतं?" धाकटीने विचारलं. आवाज इंजिनिअरचाच होता, कोरडा. तोंड मात्र पांढरं पडलं होतं.

"मांडीला, बस. एक हाड मोडलेलं नाही, डोक्याला खरचटलेलंसुद्धा नाही. गाडी फारच हळू असणार. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तेवढी फाटली." त्या थांबल्या. पुढचं बोलावं की नाही, असं त्यांना वाटलं असावं. "तिथे कुणीच नव्हतं का? फडकं घेऊन नुसतं जोरात दाबून धरायचं असतं. अँब्युलन्स येईपर्यंत. तेवढ्याने निभावलं असतं बहुतेक."

"नव्हतं ना कुणी," मागून कुलूपवाला म्हणाला. तो धीर द्यायला आला होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "पण कुंड्याबाई, तुम्ही काळजी करू नका. त्याला आम्ही सोडला नाही. ताईने तर असा धुतलाय त्याला की तो जन्मात..."

धाकटीने हळूहळू वळून थोरलीकडे पाहिलं. तिच्या त्या ॲप्रनकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. रस्ता तिनेच आखला होता, तेव्हा कोण कुठे उभं असेल, कुठून काय दिसत नसेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"तू बाहेर आली होतीस?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

"आणि आधी गाडीवाला."

धाकटीने उभ्या जन्मात कधी मुंगी मारली नव्हती. तिने थोरलीच्या थोबाडीत मारली. हात बसला तो अर्धवट, सवय नसलेल्या माणसाचा. मग दुसरी मारली, ती बरोबर बसली. तिसरीला थोरलीचा ओठ फुटला. चौथीला डोकं मागे भिंतीवर आपटलं. थोरलीचे हात खाली होते. ती दुप्पट ताकदीची बाई, तिने एका हाताने धाकटीला धरून कोपऱ्यात बसवली असती. कुलूपवाला घाबरून पुढे झाला.

"मध्ये पडू नकोस," थोरली त्याला म्हणाली. "लांब हो."

धाकटीने मुठी वळल्या आणि मारत सुटली. तोंडावर, खांद्यांवर, छातीवर, जिथे लागेल तिथे. तोंडातून फक्त हुंकार निघत होते. शेवटी तिचं मनगट मुरगळलं आणि ती ते पोटाशी धरून वाकली. कॉरिडॉरमधली माणसं भिंतींना चिकटून बघत होती.

"मला वाटलं, बरं वाटेल," धापा टाकत ती म्हणाली. "काहीच नाही वाटलं. ताई, खरं सांग मला. तुला मारताना काय वाटायचं?"

थोरलीने तोंडातलं रक्त गिळलं. खोटं बोलायला भरपूर जागा होती. नवऱ्याचं नाव पुढे करता आलं असतं. रागाचं करता आलं असतं, न्यायाचं करता आलं असतं, बाबांच्या काळजीचंसुद्धा करता आलं असतं.

"बरं वाटायचं," ती म्हणाली. "दर वेळी."

"आज?"

"आजपण. किती दिवसांनी वाटलं होतं. बाबा तिकडे पडले होते, आणि मला इकडे बरं वाटत होतं."

ती तोंड पुढे करून उभी राहिली, धाकटीने अजून मारावं म्हणून. धाकटीने मारलं नाही.